बोटांची लांबी, गर्भातलं टेस्टोस्टेरॉन आणि ऑटिझम: कॅलिपर, फोटो-चाचणी आणि एक्यू प्रश्नावलीची पारख

तर्जनीची लांबी भागिले अनामिकेची लांबी. एवढ्या एका भागाकारावरून बाळाला गर्भात किती टेस्टोस्टेरॉन मिळालं याचा अंदाज बांधायचा आणि तो आकडा ऑटिझमच्या लक्षणांशी जोडून पाहायचा, ही पद्धत मानसशास्त्रात वीसेक वर्षांहून जास्त काळ रुळलेली आहे. अंगठा पहिला धरला तर तर्जनी दुसरी आणि अनामिका चौथी, म्हणून संशोधनात या गुणोत्तराला २डी:४डी म्हणतात (डी म्हणजे डिजिट, बोट). पुरुषांची अनामिका सरासरीने तर्जनीपेक्षा थोडी लांब असते, म्हणजे गुणोत्तर एकापेक्षा किंचित कमी. बायकांमध्ये दोन्ही बोटं जवळजवळ सारखी.

आपल्याकडे ही पद्धत मुख्यतः दोन ठिकाणी भेटते. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती प्रकल्पासाठी सोयीची वाटते, कारण खर्च फक्त एका कॅलिपरचा आणि सोबतची एक्यू, म्हणजे ऑटिझमसारखी लक्षणं मोजणारी ‘ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट’ प्रश्नावली, फुकट. दुसरीकडे इंटरनेटवर ‘हाताचा फोटो टाका, मेंदूचा प्रकार ओळखा’ अशा सेवा आहेत आणि त्यांच्याकडे वळणाऱ्यांत काळजीत पडलेले आईवडीलही असतात. या दोन्ही गिऱ्हाइकांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलं आहे. मत आधीच सांगून टाकतो: बोट मोजायला कॅलिपर उत्तम आहे, गर्भातलं संप्रेरक मोजायला ही पद्धत फार कच्ची आहे, आणि एका विशिष्ट मुलाबद्दल काही सांगायला ती वापरूच नये. असं का, ते आकड्यांनिशी पाहू.

कॅलिपर: काय घ्यावं, कसं मोजावं

०.०१ मिलिमीटर दाखवणारा, दीडशे मिलिमीटरचा डिजिटल व्हर्नियर कॅलिपर पुरेसा आहे. मित्सुतोयोसारख्या चांगल्या कंपनीच्या कॅलिपरची अचूकता अधिक-उणे ०.०२ मिलिमीटर असते. बोटाची मऊ त्वचा मोजताना माणसाच्या हाताकडून होणारी चूक त्याच्या कितीतरी पट असते, त्यामुळे केवळ या कामासाठी महागडा कॅलिपर घेण्यात अर्थ नाही. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानात स्टीलचा मध्यम दर्जाचा घ्यावा. जबडे पूर्ण मिटवल्यावर आकडा शून्यावर येतो का, आणि दहा वेळा उघडझाप केल्यावरही शून्यच राहतो का, हे दुकानातच पाहावं. प्लॅस्टिकचा कॅलिपर हलका असतो आणि लहान मुलांच्या हाताला टोचत नाही, पण त्याचे जबडे दाबाखाली वाकतात. मुलांची बोटं मोजायची असतील तर स्टीलचाच घ्या आणि टोकदार कडेऐवजी जबड्याची सपाट बाजू वापरा. स्वस्त डिजिटल कॅलिपरची एक खोड म्हणजे बंद केल्यावरही ते थोडा वीजप्रवाह खेचत राहतात, त्यामुळे पुढच्या वेळी काढावा तर सेल संपलेला. काम झालं की सेल काढून ठेवा.

मोजण्याची रीत अशी. अंगठ्या काढायच्या. नखं वाढलेली असतील तर ती मापात धरायची नाहीत. माप बोटाच्या मांसल टोकापर्यंत घ्यायचं, नखाच्या टोकापर्यंत नाही. हात टेबलावर, तळवा वर, बोटं सरळ आणि एकमेकांपासून जराशी सुटी. खालचं टोक म्हणजे बोट तळव्याला मिळतं तिथली आडवी रेघ. बऱ्याच हातांवर अनामिकेच्या मुळाशी अशा दोन रेघा असतात, तेव्हा तळव्याच्या जवळची धरायची आणि सगळ्या हातांसाठी हाच नियम पाळायचा. गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो इथेच. एका मोजणाऱ्याने वरची रेघ धरली आणि दुसऱ्याने खालची, तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि सगळी मोजणी वाया जाते. रेघेच्या मधोमध बारीक पेनाने ठिपका द्यावा आणि तिथून टोकापर्यंत मापावं. जबडा त्वचेला टेकला की थांबायचं, दाबायचं नाही.

दोन्ही हातांची चारही मापं घेऊन झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकच बोट लागोपाठ दोनदा मोजू नये, कारण आधीचा आकडा डोक्यात असतो आणि हात नकळत तिकडेच झुकतो. शक्य असेल तर दुसऱ्या फेरीची मापं दुसऱ्याच माणसाने घ्यावी, आणि दोघांनाही समोरच्या व्यक्तीच्या प्रश्नावलीचा निकाल ठाऊक नसावा. बोटाचं हाड कधी मोडलेलं असेल किंवा सांधेवात असेल तर तो हात बाजूला ठेवावा. भागाकार शेवटी, संगणकावर. वहीत फक्त मिलिमीटर, दोन दशांशांपर्यंत.

एवढं पाळलं तर दोन मोजणाऱ्यांचे आकडे एकमेकांशी छान जुळतात, आणि या बाबतीत कॅलिपरबद्दल आमची काही तक्रार नाही.

एक मिलिमीटर किती महाग पडतो

आता हाच आकडा किती नाजूक आहे ते पाहा. तर्जनी ७० मिलिमीटर, अनामिका ७२, तर गुणोत्तर ०.९७२. अनामिका चुकून ७३ मोजली गेली तर ०.९५९. फरक ०.०१३. पुरुष आणि स्त्रिया यांच्या सरासरीतला फरकही साधारण एवढाच असतो. म्हणजे एक मिलिमीटर घसरला की एक ‘सरासरी स्त्री’ कागदावर ‘सरासरी पुरुष’ होते. लहान मुलाचं बोट ५० मिलिमीटरच्या आसपास असेल तर तोच एक मिलिमीटर गुणोत्तरात ०.०२ चा फरक घालतो. हात हलवणाऱ्या, कंटाळलेल्या चार वर्षांच्या मुलाची बोटं एका मिलिमीटरच्या आत अचूक मोजणं किती अवघड आहे, हे ज्यांनी मोजली आहेत त्यांना सांगायला नको.

फोटो आणि स्कॅन

स्कॅनर सोयीचा आहे आणि कायमची नोंद राहते. ३०० डीपीआयला एक ठिपका ०.०८५ मिलिमीटरचा, ६०० डीपीआयला ०.०४२ चा, म्हणजे बारकाव्याची अडचण नाही. अडचण काचेची आहे. हात काचेवर दाबला की बोटाच्या टोकाची गादी चपटी होते, आणि ती प्रत्येक बोटाची सारख्या प्रमाणात होत नाही. झेरॉक्स आणि स्कॅनवरून काढलेलं गुणोत्तर थेट कॅलिपरने घेतलेल्या गुणोत्तरापेक्षा कमी येतं, हे बरंच आधी लक्षात आलेलं आहे. म्हणून अर्धा नमुना कॅलिपरने आणि अर्धा स्कॅनरवर मोजू नये. ऑटिझम असलेल्या मुलांची मापं स्कॅनरवर घेतली आणि तुलनेतल्या मुलांची कॅलिपरने, तर जो फरक सापडेल तो काचेचा असेल.

मोबाइलच्या फोटोला आम्ही सरळ नापास करतो. एक बोट कॅमेऱ्याच्या पातळीपासून दहा अंशांनी वाकलं की त्याची लांबी फोटोत दीड टक्क्याने कमी दिसते. हा दीड टक्का म्हणजे गुणोत्तरात पुन्हा तोच ०.०१५ चा फरक, वर हिशेब केलेल्या स्त्री-पुरुष सरासरीतल्या फरकाहूनही मोठा. जवळून काढलेल्या फोटोत भिंगामुळे कडेची बोटं ताणलेली दिसतात, ते वेगळंच. हाताचा फोटो मागवून अहवाल देणारी कोणतीही सेवा हा दोष कसा दुरुस्त करते ते सांगत नसेल, तर तिच्या अहवालातला दशांशचिन्हानंतरचा एकही आकडा खरा धरू नका. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि स्वभाव सांगणारी डीएमआयटी चाचणी शाळाशाळांतून विकली जाते, तिचीही जातकुळी हीच. फरक एवढाच की २डी:४डी मागे थोडंफार खरं विज्ञान आहे, डीएमआयटीमागे तेही नाही.

खरं विज्ञान किती

केंब्रिज विद्यापीठाचे सायमन बॅरन-कोहेन यांनी २००२ मध्ये ‘अतिपुरुषी मेंदू’ हा सिद्धांत सविस्तर मांडला. ऑटिझमचं निदान मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त होतं, तेव्हा गर्भातल्या टेस्टोस्टेरॉनचा त्यात हात असावा, असा हा तर्क. तो तपासायला त्यांच्या गटाने गर्भजलाचे नमुने वापरले. आयांची गर्भजल तपासणी वैद्यकीय कारणासाठी आधीच झालेली होती, त्या नमुन्यांत टेस्टोस्टेरॉन मोजलं आणि मुलं मोठी होताना त्यांचा पाठपुरावा केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३५ मुलं होती. गर्भजलात टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्या मुलांच्या आयांनी प्रश्नावलीत ऑटिझमसारखी लक्षणं जास्त नोंदवली. या निष्कर्षाचा गाजावाजा खूप झाला, पण एक गोष्ट मागे पडली. यातल्या मुलांना ऑटिझमचं निदान झालेलं नव्हतं. मोजलं गेलं ते सर्वसाधारण मुलांमधलं लक्षणांचं कमीजास्त प्रमाण.

निदान झालेल्यांचा अभ्यास पुढे डेन्मार्कमधल्या साठवलेल्या गर्भजलावर झाला. २०१५ मध्ये ऑटिझम असलेल्या १२८ मुलग्यांची २१७ इतर मुलग्यांशी तुलना झाली. त्यात एकटं टेस्टोस्टेरॉन नव्हे, तर प्रोजेस्टेरॉनपासून कॉर्टिसॉलपर्यंतच्या साखळीतली संप्रेरकं मिळून थोडी जास्त आढळली. त्यानंतर त्याच साठ्यातल्या नमुन्यांत इस्ट्रोजेन गटातली, म्हणजे स्त्री-संप्रेरकं पाहिली, तर ऑटिझमशी सर्वांत घट्ट नातं इस्ट्राडिओलचं निघालं. म्हणजे ‘पुरुषी संप्रेरक’ ही साधी गोष्ट तिच्याच घरात गुंतागुंतीची झाली. आमच्या मते या सगळ्या मालिकेतलं सर्वांत प्रामाणिक काम हेच आहे.

विरुद्ध बाजूही तेवढीच भक्कम आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ इथल्या रेन अभ्यासात १९८९ ते १९९१ या काळात गरोदर स्त्रियांची नोंदणी झाली. तिथे नाळेच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि त्या मुलांची मोठेपणीची एक्यूची गुणसंख्या यांचं नातं तपासलं, पण ते सापडलं नाही. नाळेचं रक्त जन्माच्या वेळचं असतं आणि टेस्टोस्टेरॉनची लाट गरोदरपणाच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात येऊन गेलेली असते, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. पण सीएएचचा पुरावा तसा बाजूला टाकता येत नाही. सीएएच म्हणजे अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात विकार, त्यात २१-हायड्रॉक्सिलेज हे विकर (एन्झाइम) नीट काम करत नाही आणि मुलीच्या गर्भालाही पुरुषी संप्रेरकांचा जबर मारा बसतो. सिद्धांत खरा असेल तर या मुलींमध्ये ऑटिझमची लक्षणं स्पष्ट वाढायला हवीत. २००६ च्या एका अभ्यासात सीएएच असलेल्या स्त्रियांची गुणसंख्या थोडी जास्त आढळली. २०१६ मध्ये सीएएच असलेल्या मुलांचा आणि गर्भजल मोजलेल्या दुसऱ्या गटाचा एकत्र अभ्यास झाला, त्यात नातं दिसलं नाही.

आता बोटांकडे वळू. उंदरांवरचं काम खरोखर सुंदर आहे. २०११ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात दाखवलं गेलं की उंदराच्या चौथ्या बोटात पुरुषी आणि स्त्री-संप्रेरकांचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संप्रेरक टिपणारे पेशीतले भाग) जास्त असतात, आणि गर्भावस्थेतल्या अगदी थोड्या दिवसांच्या खिडकीत पुरुषी संप्रेरक अडवलं तर गुणोत्तर मादीसारखं होतं, इस्ट्रोजेन अडवलं तर नरासारखं. माणसात मात्र धागा लगेच पातळ होतो. गर्भजलातली संप्रेरकं आणि बोटं थेट जोडणाऱ्या, वारंवार उद्धृत होणाऱ्या २००४ च्या अभ्यासात मुलं होती फक्त ३३. नातंही एकट्या टेस्टोस्टेरॉनशी नव्हतं. टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडिओल यांच्या गुणोत्तराचं उजव्या हाताशी होतं.

२डी:४डीच्या विरोधातला आम्हाला सर्वांत जास्त पटलेला पुरावा २००९ चा आहे. काही स्त्रियांची गुणसूत्रं एक्सवाय असतात, पण त्यांच्या पेशी पुरुषी संप्रेरकाला मुळीच दाद देत नाहीत. त्यांच्या शरीरात या संप्रेरकाचा परिणाम शून्य. त्यांचं सरासरी गुणोत्तर बायकांसारखं निघालं, इथवर ठीक. पण या स्त्रियांमध्ये एकीचं गुणोत्तर दुसरीपेक्षा जेवढं वेगळं होतं, तेवढंच ते इतर लोकांमध्येही असतं. संप्रेरकाचा परिणामच नसताना बोटांमध्ये एवढी विविधता येत असेल, तर माणसामाणसांतल्या फरकाचा मोठा भाग संप्रेरकामुळे येतच नाही. मग तुमच्या किंवा माझ्या बोटावरून गर्भातलं टेस्टोस्टेरॉन सांगणार तरी कशावरून?

एका मुलासाठी हिशेब

ऑटिझम असलेल्या गटाचं गुणोत्तर सरासरीने कमी असतं, हे २०१२ च्या एकत्रित विश्लेषणात दिसलं, आणि तो फरक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्या मापाच्या) सुमारे ०.५८ पट होता. ऐकायला हा मोठा वाटतो. आता हजार मुलं घ्या. शंभरात एकाला ऑटिझम धरला तर त्यांत दहा मुलं ऑटिझमची. सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलन खाली असलेल्या प्रत्येक मुलाला ‘धोका’ असा शिक्का मारला, तर त्या दहातली तीन-चार सापडतील, सहा-सात सुटतील. आणि ऑटिझम नसलेल्या ९९० मुलांपैकी सुमारे १५७ जणांवर तोच शिक्का बसेल. शिक्का बसलेल्या प्रत्येक पन्नास मुलांमागे ऑटिझम असलेलं जेमतेम एक मूल. ज्या घरात असा अहवाल जातो, तिथल्या आईवडिलांच्या रात्रींचं काय होतं, हे अशा सेवा विकणाऱ्यांनी जरूर समजून घ्यावं.

शिवाय हे गुणोत्तर जगभर सारखं नाही. वेगवेगळ्या समूहांच्या सरासरीतला फरक स्त्री-पुरुष फरकापेक्षाही मोठा असू शकतो. युरोपातल्या सरासरीशी नाशिकच्या मुलाचा हात ताडून पाहण्यात काही तथ्य नाही.

एक्यू प्रश्नावली

२००१ मध्ये आलेल्या एक्यूत ५० विधानं आहेत. सामाजिक कौशल्य, लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवणं, बारकाव्यांकडे लक्ष, संवाद आणि कल्पनाशक्ती असे पाच भाग, प्रत्येकी दहा विधानं. चार पर्यायांतून एक निवडायचा, पण गुण मात्र शून्य किंवा एक. ‘थोडंसं सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ यांना सारखाच गुण. मूळ अभ्यासात तुलनेच्या गटाची सरासरी १६.४ आणि ऑटिझम असलेल्या प्रौढांची ३५.८ होती. ३२ किंवा त्याहून जास्त गुण ऑटिझम गटातल्या ८० टक्क्यांना आणि इतरांपैकी २ टक्क्यांना मिळाले. मुलांसाठीची आवृत्ती ४ ते ११ वर्षांची आहे, ती पालक भरतात, प्रत्येक विधानाला ० ते ३ गुण, एकूण १५०, सीमारेषा ७६. २००९ च्या गर्भजल अभ्यासात दोन मापनांपैकी एक हीच होती.

सुटसुटीत, फुकट, दहा-पंधरा मिनिटांत भरून होणारी, आणि हजारो अभ्यासांत वापरलेली. बोटांच्या मापापेक्षा ती कैक पटींनी उपयोगी आहे, यात वाद नाही. पण मराठीत वापरताना तीन गोष्टींनी दगा दिलेला दिसतो. पहिली, नकारार्थी विधानं. ‘लहानसहान बदल माझ्या सहसा लक्षात येत नाहीत’ अशा विधानापुढे ‘असहमत’ निवडायचं म्हणजे नकाराचा नकार. मराठीत इथे भलेभले अडखळतात. अशा विधानांनंतर भरणाऱ्याला तोंडी विचारून खात्री करावी. दुसरी, संदर्भ. पार्टीपेक्षा ग्रंथालय आवडतं का, संग्रहालयापेक्षा नाटक आवडतं का, हे प्रश्न इंग्लंडमधल्या आयुष्यातून आलेले आहेत. ज्या घरात वर्षाला चार नाटकं आवर्जून पाहिली जातात आणि संग्रहालय सहलीपुरतंच माहीत असतं, तिथे त्या उत्तराचा अर्थ बदलतो. तिसरी, स्वतःच केलेलं भाषांतर. उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा इंग्रजीत) करून मूळ विधानाशी ताडून पाहिल्याशिवाय ३२ ची सीमारेषा वापरू नये.

निदानासाठी तर नाहीच. लंडनमधल्या एका ऑटिझम निदान केंद्रात आलेल्या प्रौढांवर २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात, एक्यूचे गुण पाहून कोणाला निदान मिळेल हे नीट सांगता आलं नाही. चिंतारोग असलेल्यांचेही गुण वर जातात. एक्यू ही लक्षणं मोजायची पट्टी आहे, आणि तेवढ्याच कामासाठी आम्ही तिला चांगले गुण देतो.

प्रकल्प करणाऱ्यांसाठी

सर्वांत जास्त दिसणारी चूक ही की मुलं आणि मुली एकत्र करून सहसंबंध (दोन आकडे एकमेकांसोबत किती वरखाली होतात ते) काढायचा. पुरुषांचं गुणोत्तर कमी आणि एक्यू सरासरीने थोडा जास्त, त्यामुळे दोन्ही गट मिसळले की सहसंबंध आपोआप तयार होतो. तो लिंगामुळे आलेला असतो, संप्रेरकाचा त्यात पुरावा नसतो. दोन्ही गट वेगळे ठेवा.

दुसरी चूक, चाचण्यांची गर्दी. उजवा हात, डावा हात, दोन्हींची सरासरी, उजव्या-डाव्यातला फरक, ही झाली चार मापं. एक्यूचे पाच भाग आणि एकूण, म्हणजे सहा. स्त्रिया, पुरुष, सगळे एकत्र, हे तीन गट. चार गुणिले सहा गुणिले तीन, ७२ चाचण्या. पाच टक्क्यांची पातळी धरली तर केवळ योगायोगाने तीन-चार ‘महत्त्वाचे’ निकाल हाती येणारच, आणि प्रबंधात नेमके तेच ठळक छापले जातात. आधी एकच मुख्य चाचणी ठरवा, ती लिहून मार्गदर्शकाकडे द्या, मगच मोजायला लागा.

आणि नमुना. सहसंबंध ०.३ असेल तर तो ८० टक्के खात्रीने पकडायला ८५ जण लागतात, ०.२ ला १९४, आणि ०.१ ला ७८३. बोटं आणि लक्षणं यांचं सर्वसाधारण लोकसंख्येतलं नातं असलंच तर या शेवटच्या टोकाला किंवा त्याहून खाली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ६४३ पुरुषांपैकी काहींना टेस्टोस्टेरॉन आणि काहींना औषधविरहित लेप देऊन डोळ्यांवरून भावना ओळखायला लावल्या. टेस्टोस्टेरॉनचा परिणाम दिसला नाही आणि बोटांच्या गुणोत्तरानेही काही फरक पडला नाही. साठ-सत्तर विद्यार्थ्यांवर हा विषय घेण्यापेक्षा तेवढ्याच श्रमात एक्यूच्या मराठी आवृत्तीची विश्वासार्हता तपासा. तिची खरोखर गरज आहे आणि पुढच्या कैक विद्यार्थ्यांना ती उपयोगी पडेल.

गरोदर आईसाठी आणि आईवडिलांसाठी

‘गर्भातलं टेस्टोस्टेरॉन तपासून घ्यावं का’ असा प्रश्न विचारला जातो. उत्तर ठाम नाही. गर्भजल सोनोग्राफीच्या आधाराने सुईने काढतात, साधारण १५ व्या आठवड्यानंतर, आणि त्यात गर्भपाताचा धोका लहान असला तरी खरा आहे. भारतात गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार ही तपासणी गुणसूत्रांचे विकार, जनुकीय आजार अशा ठरावीक कारणांसाठीच करता येते, आणि ऑटिझमचा अंदाज हे त्यातलं कारण नाही. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच, देशाच्या कायद्याआधी, अशा तपासण्यांवर स्वतःचा कायदा केला होता. आईच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजूनही बाळाचं कळत नाही, कारण वार (प्लासेंटा) वाटेतच त्याचं बऱ्याच प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते.

पीसीओएस (बीजाशयाचा विकार, ज्यात पुरुषी संप्रेरकं वाढलेली असतात) असलेल्या आयांना स्वीडनच्या २०१६ च्या अभ्यासाचा धसका बसलेला असतो. त्यात त्यांच्या मुलांमध्ये ऑटिझमची शक्यता ५९ टक्क्यांनी जास्त आढळली, असं बातम्यांतून पसरलं. आकडा खरा आहे, पण तो असा वाचायचा: शंभरात एक असेल तिथे सुमारे १.६. म्हणजे पीसीओएस असलेल्या शंभर आयांपैकी अठ्ठ्याण्णवांहून जास्त जणींच्या मुलांना ऑटिझम नसतो. आईने काही खाल्लं, काही चुकलं, असा अर्थ यातून काढू नका.

संप्रेरक रोखणारी औषधं देऊन ऑटिझम ‘कमी’ करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर तिथून लगेच निघा. अमेरिकेत मेरीलँड राज्याच्या वैद्यकीय मंडळाने ऑटिझम असलेल्या मुलांना अशी इंजेक्शनं देणाऱ्या एका डॉक्टरचा परवाना २०११ मध्ये स्थगित केला होता. ही औषधं अकाली वयात येणं रोखण्यासाठी आहेत, आणि वाढत्या मुलाच्या हाडांवर त्यांचे परिणाम होतात.

मूल दीड-दोन वर्षांचं असेल आणि शंका असेल, तर बोटांऐवजी एम-चॅट-आर/एफ ही ऑटिझमच्या प्राथमिक चाळणीची प्रश्नावली घ्या. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, २० प्रश्न, हो किंवा नाही. दुसरा, पाचवा आणि बारावा प्रश्न सोडून ‘नाही’ या उत्तराला एक गुण, त्या तिघांत ‘हो’ला. ० ते २ गुण आले तर चिंता कमी, पण मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा भरायचं. ३ ते ७ आले तर तज्ज्ञ त्याच प्रश्नांवर सविस्तर मुलाखत घेतात, आणि त्यानंतरही दोन किंवा जास्त गुण राहिले तर पुढे पाठवतात. ८ किंवा जास्त असतील तर मुलाखतीसाठी न थांबता थेट तपासणी. ‘एफ’ म्हणजे तीच मुलाखत. घरी कागद भरून ती वगळली जाते, आणि विनाकारण घाबरणाऱ्यांतले बरेच जण तिथेच मोकळे झाले असते.

त्याच आठवड्यात कानाची तपासणी करून घ्या, ओएई आणि गरज पडली तर बेरा, या ऐकण्याच्या चाचण्या. नावाने हाक मारल्यावर न वळणाऱ्या मुलाला कधी कधी ऐकूच येत नसतं. ऑटिझमचं प्रमाणपत्र हवं असेल तर आपल्याकडे इसा (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही मापनश्रेणी चालते. ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण, ७० पासून सौम्य, १०७ पासून मध्यम आणि १५३ च्या वर तीव्र. ती प्रशिक्षित तज्ज्ञच भरतात, मुलाला पाहून आणि पालकांशी बोलून. जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली हे सगळं मोफत असतं. जाताना मुलाचं लसीकरणाचं कार्ड, बोलण्या-चालण्याच्या टप्प्यांच्या तारखा लिहिलेला कागद, आणि मूल घरी मोकळं खेळत असतानाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ सोबत न्या. अनोळखी खोलीत मूल गप्प बसतं, आणि तज्ज्ञांना नेमकं घरातलंच वागणं पाहायचं असतं.